नऊ नंबरच्या केळीचे दोन दाखले

१. दोन घरची केळ

सोमवारची सकाळ फर्डिनंडला लाभली नव्हती. बायकोनं, प्रिसिलानं, सुकेळ्यांचा म्हणजे वाळवलेल्या गोड केळ्यांचा डबा पुन्हा हलवला होता. गोड बंद झालेल्या माणसाला स्वतःच्याच घरात चोरासारखं फिरावं लागतं, याचं त्याला भारी वाईट वाटत होतं. पिठाच्या डब्यामागे त्यानं हात घातला आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

दारात एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, डोळे जागरणानं तांबारलेले, काखेत दोन कागदांच्या गुंडाळ्या. आपण आर्या, फ्रान्सिस अंकलच्या कॉलेजात संशोधन करते, असं तिनं सांगितलं. चर्चच्या वह्या सांभाळणारे फर्डिनंड अंकल ते तुम्हीच का, असंही विचारलं.

ते खरं होतं. गावच्या चर्चच्या दप्तरात फर्डिनंडनं चाळीस वर्षं घालवली होती. कोणाचा बाप्तिस्मा कधी, कोणाचं लग्न कोणाशी, कोण कोणाचा कितवा चुलत, हे सगळं त्याच्या जिभेवर असे. पापडीत लग्न ठरलं की सोनाराच्या आधी लोक त्याच्याकडे यायचे, मुलगा-मुलगी नात्यात फार जवळची तर नाहीत ना, हे बघायला. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि तेव्हापासून त्याचं डोकं रिकामं होतं. रिकाम्या डोक्याला प्रिसिला फार घाबरायची.

"फ्रान्सिसला काय झालं?" त्यानं विचारलं. फ्रान्सिस त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आता पापडीतच राहणारा. चर्चच्या गायनात दोघं शेजारी उभे राहायचे, एक सुरात आणि एक फर्डिनंड.

आर्यानं दोन्ही कागद टेबलावर पसरले. दोन्हीवर फांद्या फुटलेली झाडं काढलेली होती. वसईच्या वाड्यांतल्या आणि डोंगराकडच्या मिळून बारा केळी घेऊन कोण कोणाची भाऊबंद, हे ती शोधत होती. प्रत्येक जिवाच्या पेशीत अक्षरांची लांबलचक पोथी असते, ती समजावू लागली. पिढ्यानपिढ्या तिची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. तीच चूक दोघांच्या पोथीत दिसली, तर ती त्यांनी एकाच पूर्वजाकडून उचललेली असणार. अशा सारख्या चुका जुळवत गेलं की वंशवृक्ष उभा राहतो.

"अगं, मग मी आयुष्यभर दुसरं काय केलं?" फर्डिनंड खुशीत आला. वहीवरून वही उतरवताना कुठल्या कारकुनानं कुठली तारीख चुकवली आणि ती चूक पुढे कुठल्या वहीत गेली, यावरूनच तो वह्यांची वंशावळ लावायचा.

आर्याची अडचण नऊ नंबरवर होती. नऊ नंबरची केळ म्हणजे भुईगावच्या रोझलीनबाईंच्या वाडीतलं एक विचित्र झाड. फळ वेलची केळ्यासारखं छोटं आणि गोड, पण आत दोन-चार काळ्या टणक बिया. पेशीत मोठ्या पोथीखेरीज दोन छोट्या वह्याही असतात, एक पानाच्या हिरव्या कणांत आणि दुसरी शक्ती पुरवणाऱ्या कणांत. जानेवारीत आणलेल्या पानाची हिरवी वही वाचली, तर नऊ नंबर वाडीतल्या वेलचीच्या शेजारी बसली. मार्चमध्ये आणलेल्या पानाची दुसरी वही वाचली, तर तीच केळ थेट डोंगरातल्या रानकेळीच्या फांदीवर जाऊन बसली.

एक केळ दोन घरची कशी असेल? जानेवारीत आर्या स्वतः, फ्रान्सिसला सोबत घेऊन, भुईगावला गेली होती. मार्चमध्ये तिला ताप होता, म्हणून फ्रान्सिस एकटा गेला. कॉलेजच्या आवारात एक रानकेळ लावलेली आहे. आर्याचे मार्गदर्शक, जयवंत सर, यांनी दोन आणि दोन चार केले: उन्हात भुईगावला कोण जातंय म्हणून फ्रान्सिसनं आवारातलंच पान खुडलं आणि नऊ नंबर म्हणून दिलं.

"शनिवारी त्यांचा निरोप समारंभ आहे," आर्या म्हणाली. "चौतीस वर्षांची नोकरी. त्याआधी मी लिहून द्यायचं, की लॅब अटेंडंटनं नमुना बदलला. ते त्यांच्या फायलीत लागणार. अंकल, मला ते लिहायचं नाही, आणि न लिहायला माझ्याकडे कारणही नाही."

फर्डिनंडनं चष्मा पुसला. सुकेळ्यांचा डबा तो पार विसरून गेला. प्रिसिला आतून हे सगळं ऐकत होती, आणि आता हा जेवायलाही वेळेवर येणार नाही, हे तिनं ओळखलं.

२. गप्प बसलेला माणूस

कॉलेजची ती प्रयोगशाळा मुळात माशांची. जयवंत सरांनी वीस वर्षं पापलेट, बोंबील, घोळ यांच्या वंशावळी लावल्या होत्या. केळी तिथे पहिल्यांदाच शिरल्या होत्या. खोलीला अजून सुक्या बोंबलाचा वास होता, आणि फर्डिनंडला त्यानं भूक लागली.

सर माणूस सरळ, पण ताठ. फ्रान्सिसबद्दल त्यांचा राग नव्हता, दुःखच होतं. ते म्हणाले की माणूस थकतो, चुकतो, पण खोटं बोलू नये. मग त्यांनी एक कागद पुढे केला. "हे बघा. निवृत्तीच्या कागदांत ते भुईगावचे. पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला भुईगावच्या चर्चमध्ये. आणि बाप्तिस्म्याचा दाखला पापडीचा. ज्याला आपलं गावही धड सांगता येत नाही, त्याच्या नमुन्यावर काय विश्वास ठेवायचा?"

फर्डिनंड कागदाकडे बघून हसला. दाखल्यावर त्याचीच सही होती. सरांना आधी बोलून घेऊ द्यावं, खुलासा नंतर, असं त्याला वाटलं.

पानं कापून त्यातून पोथी बाहेर काढायचं काम स्टीवनचं. तिशीतला, हसरा, कानात सदा गाणी. अदलाबदल त्याच्या हातून झाली असेल का? त्यानं स्वतःच तो संशय पुढे केला होता. दोन्ही पानांचे दोन-दोन तुकडे घेऊन, नव्या नळ्यांत, त्यानं सगळं पुन्हा केलं होतं. जानेवारीच्या पानाची हिरवी वही पुन्हा वेलचीकडे गेली, मार्चच्या पानाची दुसरी वही पुन्हा रानकेळीकडे. घोळ नळीत नव्हता. तो आधीचा होता.

फ्रान्सिस मागच्या व्हरांड्यात काचेच्या बाटल्या धूत बसला होता. एरवी मित्राला पाहिलं की पहिला चिमटा काढणारा हा माणूस आज वर बघेना. फर्डिनंड शेजारच्या स्टुलावर बसला आणि मार्चमध्ये काय झालं ते विचारलं.

"गेलो होतो. पान त्याच झाडाचं आहे," फ्रान्सिस म्हणाला. "याच्यापुढे मला विचारू नको, फर्डी."

"का?"

"शब्द दिलाय."

कोणाला, ते तो सांगेना. फर्डिनंडनं नाना प्रकारे विचारलं, थट्टा केली, शिव्याही दिल्या. फ्रान्सिस आपला बाटल्या धूत राहिला. धुतलेली बाटली त्यानं पुन्हा धुतली, ते मात्र फर्डिनंडच्या नजरेतून सुटलं नाही.

निघताना आर्यानं फोनवर दोन फोटो दाखवले. नमुना हातात आला की आधी फोटो काढायचा, ही तिची सवय. जानेवारीचं पान फ्रान्सिसनं केळीच्या सोपटानं, बुंध्याच्या सुक्या सालीनं, करकचून बांधलेलं होतं, गाठ अशी की कापावीच लागावी. मार्चचं पान व्यवस्थित गुंडाळलेलं होतं, आणि त्याला लाल दोऱ्याचा सुबक फुलपाखरी फास होता.

"हा दोरा कुठला, ते कोणालाच कळलं नाही," आर्या म्हणाली. "सर म्हणतात, तो मुद्दा सोडून दे."

फर्डिनंडनं तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवून घेतला.

३. भुईगावची बाई

मंगळवारी आर्या आणि फर्डिनंड रिक्षानं भुईगावला गेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाड्या, शेवटी समुद्राचा वारा. रोझलीनचं घर वाडीच्या मधोमध होतं. ती पन्नाशी ओलांडलेली, विधवा. मुलगी टिफनी परदेशात नर्स. रोझलीननं दोघांना ओसरीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि फर्डिनंडच्या पोटावरून त्याची यथेच्छ फिरकी घेतली. मांडीवर तिचं क्रोशाचं विणकाम होतं, वेदीसाठी रुमाल.

नऊ नंबर विहिरीच्या कोपऱ्यात उभी होती. आजूबाजूच्या केळींची अंगं हिरवी नितळ, आणि हिच्या बुंध्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. टिफनीच्या जन्माच्या वर्षी ती आपोआप उगवली, रोझलीन म्हणाली. नवरा अँथनी दर वर्षी कुदळ घेऊन यायचा, बियांच्या केळीचा काय उपयोग म्हणून. हिनं कधी काढू दिली नाही. बुडाशी मुनवे, नवे कोंब, फुटत गेले, केळ राहिली.

भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता, एकतीस वर्षांपूर्वीचा. मांडवाच्या दारात नवरा-नवरी, दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधलेले. अँथनी बारीक, रोझलीन लाजलेली. फर्डिनंडनं फोटो बराच वेळ बघितला. त्या लग्नात आपण किती जेवलो होतो, हे तो आठवत होता.

मग आर्यानं मुख्य प्रश्न विचारला. मार्चमध्ये फ्रान्सिस अंकल पान न्यायला आले होते ना?

रोझलीनची सुई थांबली.

"मार्चमध्ये?" ती म्हणाली. "नाय. कोनी नाय आलं."

आर्याचा चेहरा पडला. सगळं संपलंच मग. रिक्षात ती खिडकीबाहेर बघत राहिली. आता ते पत्र लिहावंच लागणार, असं एकदा म्हणाली. फर्डिनंडच्या डोळ्यांपुढे रोझलीनच्या मांडीवरचा रुमाल होता. पांढरा रुमाल, आणि त्याच्या काठाला लाल दोऱ्याची वेल.

४. दोऱ्याचं दुसरं टोक

बुधवारी तो एकटाच गेला. प्रिसिलाला त्यानं सांगितलं की समुद्रावर चालायला जातो, डॉक्टर म्हणाले आहेत. प्रिसिला म्हणाली, "डॉक्टर तर पाच वर्षं म्हणतायत. तुला आज ऐकू आलं का?"

रोझलीनच्या ओसरीवर त्यानं फोन टेबलावर ठेवला, फोटो उघडून. लाल दोरा, सुबक फास. तिनं बघितलं, आणि मांडीवरचा रुमाल पदराखाली घेतला. फर्डिनंड म्हणाला की फ्रान्सिसला तो पन्नास वर्षं ओळखतो, त्याच्या हाताला फास येत नाही, फक्त गाठ येते. ज्या हातानं हा फास बांधला, तो हात या घरचा. म्हणजे फ्रान्सिस आला होता.

"मग सांगत का नाहीस? परवा त्याच्या नावाला काळं लागणार आहे."

रोझलीन रडली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर एकदम लाली चढली, त्या फोटोतल्यासारखी. तिनं जे सांगितलं ते ऐकून फर्डिनंडच्या हातातलं सरबत सांडलं. त्या दिवशी दुपारी फ्रान्सिस पान घ्यायला आला, आणि तिथून दोघं मिळून फादरना भेटायला गेले. लग्नाचं बोलायला. तोही विधुर, तीही एकटी. दोन वर्षं तो बियांच्या केळीची चौकशी करायला येत होता, आणि केळीला तेवढ्या चौकशीची गरज नव्हती.

"टिफनी शुक्रवारी येतेय," ती म्हणाली. "तिला मी समोर बसवून सांगनार, मगच गावाला कळनार. फोनवर नाय सांगायचं. तो आला होता म्हनलं, की कशाला, किती वेळ, मग कुठे गेलात, सगळं आलं. त्यानं शब्द दिलाय मला. आता तूपण दे, फर्डी."

फर्डिनंडला एकाच वेळी नाचावंसं आणि डोकं आपटावंसं वाटलं. गुन्ह्याचा उलगडा त्याच्या हातात होता आणि तोच त्याला कोणाला दाखवता येणार नव्हता. शुक्रवारी टिफनी येणार, पण आर्याची सही घेऊन सरांचं पत्र शुक्रवारी सकाळीच जाणार होतं. शिवाय रोझलीननं आता जबानी बदलली, तर सर म्हणणार, होणारा नवरा आहे, बोलणारच त्याच्या बाजूनं.

त्यानं शब्द दिला. आणि परत जाताना रिक्षात ठरवलं, की माणसांची साक्ष जिथे चालत नाही, तिथे केळीलाच साक्षीला बोलवायचं.

५. मस्टरमधलं पान

संध्याकाळी तो कॉलेजात पोचला आणि आर्याला म्हणाला, "जानेवारीचं पान तू स्वतः आणलंस. त्यावर तर कोणाचा संशय नाही. मार्चच्या पानावर सरांचा विश्वास नाही, आणि आता नवं आणलं तर म्हणतील, मित्रासाठी जुळवून आणलं. मग त्याच पानाच्या दोन्ही वह्या वाच ना."

आर्यानं कपाळावर हात मारला. जानेवारीच्या पानातून काढलेलं सगळं हिरव्या वहीवर खर्ची पडलं होतं. आणि उरलेलं पान? माशांच्या प्रयोगशाळेत उरलेलं काही कोणी ठेवत नाही, वास मारतं. काम झालं की टाकायचं, हा इथला वीस वर्षांचा शिरस्ता. स्टीवनही म्हणाला की तुकडे उरले होते, पण ते केव्हाच कचऱ्यात गेले असतील.

"कचरा कोण टाकतं?" फर्डिनंडनं विचारलं.

तिघं व्हरांड्यात गेले. फ्रान्सिसनं प्रश्न ऐकला आणि पहिल्यांदाच मान वर केली. तो म्हणाला की मासे तो टाकतो, पान टाकत नाही. पान टाकवत नाही हाताला. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळीसुद्धा तो वर्षभर देव्हाऱ्यामागे जपतो, हे तर पान. त्यानं कपाटातून जुनं, रद्दीत निघालेलं हजेरीचं मस्टर काढलं. पानापानात केळीच्या पानांचे सुकलेले तुकडे दाबून ठेवलेले होते, बारा केळींचे बारा. नवव्या तुकड्यावर काळ्या मार्करनं लिहिलं होतं: नऊ, जानेवारीची तारीख, आणि आर्याची सही.

ती सही तिचीच होती. ओल्या माशाला चिठ्ठी टिकत नाही, म्हणून इथे सगळे नमुन्यावरच लिहितात. तीच सवय तिनं केळीच्या पानावर वापरली होती.

आर्या सरांकडे गेली आणि दोन दिवसांची मुदत मागून आली. अक्षरं वाचणारं यंत्र मुठीत मावेल एवढंच होतं. या वेळी छोट्या वह्याच नव्हे, मोठी पोथीही वाचायची, असं स्टीवननं ठरवलं. गुरुवारभर ते अक्षरं ओकत राहिलं.

शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा फर्डिनंड दाढी करत होता.

"अंकल," आर्याचा आवाज विचित्र येत होता. "तेच आलंय. एकाच पानातून. हिरवी वही म्हणते वेलची, दुसरी म्हणते रानकेळ."

फर्डिनंडनं अर्ध्या गालाचा साबण पुसला, शर्ट चढवला आणि निघाला. दुसरा अर्धा गाल तसाच राहिला, आणि प्रिसिलानं फाटकापर्यंत येऊन ते त्याला सांगितलं, पण तो थांबला नाही.

६. एका मुलाचे दोन दाखले

पान कोणी बदललं नव्हतं, एवढं आता सिद्ध झालं. पण जयवंत सर समाधानी नव्हते. त्यांचं म्हणणं, मग तुमचं जानेवारीचं पानही बिघडलेलं आहे, दुसऱ्या कशाची भेसळ झालेली आहे. एक झाड दोन फांद्यांवर बसूच शकत नाही. पत्र त्यांनी थांबवलं होतं, फाडलं नव्हतं.

"सर, तो परवाचा कागद द्या," फर्डिनंड म्हणाला. "फ्रान्सिसचा."

त्यानं दाखला टेबलावर ठेवला. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तो सांगू लागला. फ्रान्सिसची आई पापडीची. ती माहेरी आली, मूल झालं, आठवड्याभरात पापडीच्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. मग ती सासरी भुईगावला गेली, मूल तिथे वाढलं आणि पहिला ख्रिस्तप्रसाद तिथे घेतला. पापडीची वही बघितली तर फ्रान्सिस पापडीचा. भुईगावची बघितली तर भुईगावचा. कुठलीच वही खोटी नाही.

"एका वहीत आईचं घर आहे, दुसरीत बापाचं. वसईत असे हजार फ्रान्सिस आहेत. आता मला सांगा, तुमच्या या दोन छोट्या वह्या कोणाकडून येतात?"

"दोन्ही आईकडून," सर लगेच म्हणाले. "शक्तीच्या कणांची वही नेहमी आईकडूनच येते. पापलेटात, बोंबलात, माणसात."

"आणि केळीत?"

आर्यानं स्टीवनकडे बघितलं, स्टीवननं आर्याकडे. केळीत कोणी तपासलंच नव्हतं. माशांच्या घरात केळ आली, आणि सगळ्यांनी तिला माशाचेच नियम लावले.

आर्या संगणकावर तुटून पडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फ्रान्सिस दारात येऊन उभा राहिला होता, हातात ओली बाटली. मग ती हळूच खुर्ची मागे सरकवून उठली.

"सापडलं. तीसेक वर्षांपूर्वीचं संशोधन आहे. केळीत उलटं असतं, सर. हिरवी वही आईकडून, दुसरी बापाकडून."

स्टीवननं मोठ्या पोथीचे आकडे उघडले. अर्धी अक्षरं वेलचीच्या बाजूची, अर्धी रानकेळीच्या. भेसळ असती तर कुठे कमी, कुठे जास्त असतं. इथे पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत निम्मं-निम्मं होतं. नऊ नंबर दोघांचं लेकरू होती. आई वेलची, बाप रानकेळ. दोन्ही झाडं बरोबर होती. चूक एकच झाली होती: आई-बापांना वेगळं विचारायचं राहून गेलं होतं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा तपासले. मग त्यांना एकच शंका उरली, आणि ती रास्त होती. रानकेळ डोंगरात, वेलची भुईगावच्या किनाऱ्याला. बाप एवढ्या लांब आला कसा?

फर्डिनंडनं त्यावर खिशातून फोन काढला आणि रोझलीनला लावला. त्यानं तिला एवढंच विचारलं, की तुझ्या मांडवाचे केळीचे खुंट कुठून आणले होते.

पलीकडून आधी हसू ऐकू आलं. वाडीवाला आपली लागती केळ मांडवासाठी कापील होय? तिच्या सासऱ्यानं बैलगाडी पाठवून डोंगराच्या पायथ्याहून रानकेळी आणवल्या होत्या, गड्ड्यासकट उपटून. लग्न झाल्यावर सासूला मुळं असलेलं झाड फेकवेना, तिनं ते विहिरीच्या कोपऱ्यात पुरलं. दोन वर्षं तिथे रानकेळ फुलत होती, संध्याकाळी तिच्या फुलांवर वटवाघळांची झुंबड उडायची, आणि तिथून ती वेलचीच्या फुलांवर जायची. मग विहिरीला पंप बसवताना ती काढून टाकली. पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात नऊ नंबर उगवली.

फर्डिनंडनं भिंतीवरच्या त्या फोटोचं वर्णन सरांना केलं. मांडवाच्या दारातल्या खुंटांवर काळे डाग होते, शाई सांडल्यासारखे. परवा ते दिसूनही त्याचं लक्ष नवरा-नवरीकडे आणि जेवणाच्या आठवणीकडे होतं, खुंटांकडे नव्हतं. हे त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

"म्हणजे बाप लग्नाला आला होता," स्टीवन म्हणाला, "आणि वाडीतच राहिला."

जयवंत सर उठले. ते फ्रान्सिससमोर जाऊन उभे राहिले आणि काही बोलायच्या आधी त्यांनी त्याच्या हातातली ओली बाटली काढून टेबलावर ठेवली. मग पत्राचे चार तुकडे केले.

७. लाल दोरा

शनिवारी कॉलेजचं छोटं सभागृह भरलं होतं. भुईगावहून रोझलीन आली होती, शेजारी आदल्या दिवशी उतरलेली टिफनी. प्रिसिला फर्डिनंडच्या बाजूला, त्याच्या ताटलीवर नजर ठेवून.

सरांनी भाषण केलं नाही. त्यांनी आर्याच्या लेखाचं शेवटचं पान वाचून दाखवलं: "नऊ क्रमांकाच्या केळीचं पान श्री. फ्रान्सिस यांनी मार्चमध्येही त्याच झाडावरून आणलं. पहिलं पान त्यांनी जपून ठेवलं नसतं, तर हा लेख लिहिला गेला नसता आणि आम्ही एका प्रामाणिक माणसाला खोटं ठरवलं असतं." लेखकांच्या नावांत तिसरं नाव फ्रान्सिसचं होतं. त्यानं ते पान हातात घेतलं, स्वतःचं नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिशात रुमाल शोधू लागला. तो सापडेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. चौतीस वर्षांत त्याला कोणी असं बघितलं नव्हतं.

"एकच गोष्ट राहिली," सर म्हणाले. त्यांना हिशेब अर्धा सोडवत नसे. त्यांनी मागच्या पडद्यावर मार्चच्या पानाचा फोटो लावला, भल्यामोठ्या आकारात. "फ्रान्सिस, आता तरी सांगा. हा लाल दोऱ्याचा फास कोणाचा?"

फ्रान्सिसची मान खाली गेली. आर्यानं फर्डिनंडकडे बघितलं. फर्डिनंडनं घाईघाईनं ताटलीतलं सुकेळं तोंडात कोंबलं, म्हणजे बोलायला नको. प्रिसिलानं ते पाहिलं, आणि नवल म्हणजे ताटली त्याच्यापुढून ओढली नाही.

शेवटी टिफनी उठून उभी राहिली. तिच्या हातात वेदीचा पांढरा रुमाल होता, लाल काठाचा, आणि सुई अजून त्यातच अडकलेली होती.

"माझ्या आईचा," ती म्हणाली. "उद्या चर्चमध्ये तिच्या आणि फ्रान्सिस अंकलच्या लग्नासाठी नावं वाचणार आहेत. मांडवाला यंदा केळी कापायच्या नाहीत. नऊ नंबरचे मुनवे कुंड्यांत लावलेत. जेवून जाताना ज्यानं त्यानं एकेक घरी न्यायचा."

सभागृहात कोण आधी ओरडलं, ते पुढे कोणालाच नक्की सांगता आलं नाही. रोझलीननं पदरानं तोंड झाकलं होतं. फ्रान्सिस तिच्याकडे गेला, आणि त्या रुमालानं त्यानं डोळे पुसले.